सुपातलं लेकरू

काशीगाव,
सोमवार, दुपार

प्रिय दिशा,

पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, आम्ही दोघं सुखरूप आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि माझी जीभ, एवढं सोडलं तर तक्रार नाही. हातात फोन असताना आईला पत्राचं काय खूळ, असं आमचे जावई सुयोगराव म्हणतील. त्यांना सांग, तुझे बाबा स्पीकरवर टाकल्याशिवाय फोनवर बोलत नाहीत, आणि मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. मेसेज करावा तर आम्हा दोघांत मोबाइल एक, आणि तो सदा त्यांच्या खिशात. म्हणून ते रानात गेले की मी मागच्या पडवीत बसून चार ओळी लिहिते आणि पायरी वाजली की कागद मेथीच्या जुडीखाली सरकवते. या वयात नवऱ्यापासून चोरून पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, आणि तेही पोटच्या लेकीला.

इकडे तुमच्या येण्याची तयारी जोरात चालू आहे. दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस पुढच्या आठवड्यावर आली. बाबांनी बुरुडाकडून नवं सूप विणून आणलं, शेणानं सारवलं, त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली आणि पुढच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवलं. येईल त्याला दाखवतात, "माझी नात बसायची हाय यात." कुरियरवाल्यालासुद्धा दाखवलं. तो बिचारा हिंदीवाला, मान डोलवून गेला. नवस तर फेडायलाच हवा, यात मलाही शंका नाही. गेल्या वर्षी भाद्रपदात तुला पाचवा लागला, डॉक्टरांनी पलंगावरून पाय खाली ठेवू नकोस म्हणून बजावलं, त्या दिवशी बाबा अनवाणी रानात गेले आणि वाघोबाला बोलून आले की माझ्या लेकीची कूस राख, पोर तुझ्यापुढे जमिनीवर आणून ठेवीन. कूस राहिली. माघात चांदणी आली, आता रांगायला लागली, आणि तू पाठवलेले तिचे व्हिडिओ आम्ही जेवताना पुन्हा पुन्हा बघतो. देवानं दिलं ते मी विसरलेले नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

रीत तू ऐकून आहेस, पण पाहिलेली नाहीस, कारण आपल्या घरात ती शेवटची झाली ती तुझ्यावरच. लेकरू सुपात घालून वाघोबाच्या दगडापुढे जमिनीवर ठेवायचं. मग घरच्या सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि बांधापर्यंत चालत जायचं. मागे वळून बघायचं नाही. बांधावर पोचलं की घरातल्या कर्त्या माणसानं मोठ्यानं म्हणायचं, "तुझं तुला दिलं, आमचं आम्हांला दे." त्यानंतरच वळायचं आणि लेकरू उचलायचं. मधला तेवढा वेळ लेकरू देवाचं. तुला ठेवलं तेव्हा मी अगदी पोरसवदा होते. बांधापर्यंतची वाट मला काशीयात्रेइतकी लांब वाटली आणि वळून बघू नये म्हणून तुझ्या आत्यानं माझी मान धरून ठेवली होती. पण दिशा, तेव्हाचं शेत डोळ्यांपुढे आण. हळवं भात कापून झालेलं, डोंगराच्या पायथ्यापासून हायवेपर्यंत सगळं मोकळं. मांजर आडवं गेलं असतं तरी दिसलं असतं. मोरव्याहून माझं अख्खं माहेर आलेलं, ढोल-सनई, तीन दगडांच्या चुलीवर कोंबडा शिजतोय, धूर, पोरांचा कालवा. त्या गोंधळात वाघ काय, कावळासुद्धा जवळ आला नसता. तू मात्र सुपात गाढ झोपलीस, आणि जागी झालीस ती थेट मोरव्याच्या मामीच्या मांडीवर.

आता त्याच जागी दिवसाढवळ्या ऊन जमिनीवर पडत नाही. तुला याचं कौतुक आहे, मलाही आहे, आणि का नसावं? तू नववीत होतीस तेव्हा शेजारच्या भरावामुळे आपल्या शेतात पाणी तुंबायला लागलं, भात कुजलं आणि बाबांनी नांगर कायमचा आढ्याला टांगला. आजूबाजूच्यांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या. आपल्याकडे आला तो रानातल्या जनावरांचा अभ्यास करणारा पराग, पाठीवर सॅक आणि दाढी वाढलेली. मला वाटलं देणगी मागायला आलाय. त्यानं आपल्या ओहोळाकाठी झाडाला कॅमेरा बांधला आणि महिन्यानं फोटो दाखवले, भेकर, उदमांजर, साळिंदर, आणि आपल्याच बांधावरून चाललेला बिबट्या, ज्याला आपण सगळे वाघच म्हणतो. इकडच्या डोंगरातून पलीकडच्या टेकडीकडे जायला जनावरांना हा एकच आडोसा उरलाय, असं त्यानं सांगितलं, आणि बाबांनी ते मनावर घेतलं. पडीक शेतात माजलेली काटेरी घाणेरी उपटताना तुझे हात ओरबाडून निघायचे, तू शाळेत फुलबाह्यांचा ब्लाउज घालून जायचीस. डोंगरातून ऐनाच्या, कुड्याच्या, शिवणीच्या बिया गोळा करायच्या, दुधाच्या पिशव्यांत रोपं करायची, मार्च-एप्रिलमध्ये कळशीनं पाणी घालायचं. लोक म्हणाले, रामनाथला वेड लागलं, सोन्याच्या जमिनीत काटे लावतोय. मीही कमी बोलले नाही. पण पहिल्यांदा पांगारा फुलला आणि त्यावर मैनांचा बाजार भरला, तेव्हा बाबांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं होतं. लग्नातसुद्धा त्यांनी माझा हात असा धरला नव्हता.

मग ते जेसीबीचं प्रकरण झालं, तू कॉलेजला होतीस. शेजारच्या दत्तारामकाकांनी त्यांची जमीन बिल्डरला दिली, टॉवर उभा राहिला, आणि त्याला मागच्या बाजूनं रस्ता हवा झाला. तो आपल्या रानातूनच जाणार. बाबा त्याच रस्त्याच्या खटल्याच्या तारखेला ठाण्याला गेलेले असताना सकाळी यंत्र आलं, कुंपण पाडून आत शिरलं. मी पुढे जाऊन ओरडत होते, पण त्या आवाजात मला कोण ऐकतंय? करवंदीच्या जाळ्या चिरडत ते वाघोबाच्या दगडापर्यंत आलं आणि थांबलं. वर चंद्रसूर्य कोरलेला शेंदराचा दगड, आणि त्याच्यापुढच्या ओल्या मातीत वाघाचा ताजा पंजा. ऑपरेटर झारखंडचा. खाली उतरला, चपला काढल्या, कान धरले, आणि मशीन मागे घेऊन निघून गेला. दत्तारामकाकांनी दुसरा ऑपरेटर शोधला, पण तोही आला नाही. कोर्टात जे झालं नाही ते दगडानं केलं. त्या दिवसापासून बाबांचा कागदांवरचा विश्वास उडाला. आपलं रान कायदा राखत नाही, वाघोबा राखतो, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. खोटंही नाही ते. आज आजूबाजूला बघितलं तर मेट्रोच्या खांबांपासून डोंगरापर्यंत हिरवं म्हणावं असं एवढंच उरलंय, आणि ते का उरलंय हे सगळ्या काशीगावाला माहीत आहे.

तो ऑपरेटर पुढे बायकोला घेऊन आला, हातात कोंबडी. त्याला मुलगा झाला. ती बातमी बांधकामाच्या शेडमध्ये पसरली, तिथून वॉचमनमध्ये, तिथून लिफ्टमध्ये. आता रविवार-बुधवार रांग असते. आधी आपण वर्षातून एकदा कोंबडा द्यायचो, तिथेच शिजवायचो, सगळा आपणच खायचो आणि हाडं पुरायचो. देवाचा नुसता मान असायचा. ही मंडळी कोंबडी बांधून ठेवतात आणि हात जोडून निघून जातात. समोरच्या टॉवरमधल्या एक बाई स्वतः अंडंही खात नाहीत, पण देवाचं म्हणून दर बुधवारी वॉचमनच्या हातून कोंबडी पाठवतात. मी एकदा त्यांना म्हटलं, "भाभी, नारियल चढाओ ना." तर म्हणाल्या, "शेर नारियल खाता है क्या?" मी हसले. त्या वेळी मला ते हसण्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत बांधलेल्या कोंबड्या नाहीशा होतात, दोऱ्या तेवढ्या राहतात. बाबा त्या दोऱ्या गोळा करून आणतात आणि त्यांनी दोडक्याचा वेल बांधतात.

परागनं हे पाहिलं आणि तो फार अस्वस्थ झाला. त्यातच या उन्हाळ्यात पलीकडच्या नव्या कॉम्प्लेक्सनं ओहोळावरून आपली भिंत ओढून घेतली. पाण्याला खाली पाइप ठेवला, जनावराला काही नाही. पराग मला म्हणाला, "काकू, हा रस्ता होता. आता ही पुढून बंद असलेली गल्ली झालीय." डोंगरातून येणारी जनावरं येतात, भिंतीशी जातात आणि परत फिरतात. एक वाघीण मात्र परत फिरली नाही. का फिरेल? तिला इथे ताट वाढलेलं मिळतंय. परागनं बाबांना हात जोडून सांगितलं की काका, कोंबड्या बंद करा, माणसाच्या वासाबरोबर खाणं येतं हे तिच्या डोक्यात बसलं तर पुढे आवरणार नाही. बाबा म्हणाले, कोंबड्या बंद केल्या की लोक यायचे बंद होतील, लोक बंद झाले की भीती जाईल, आणि भीती गेली की दुसऱ्या दिवशी दत्ताराम जेसीबी आणेल. दोघंही खरं बोलत होते, आणि म्हणूनच भांडण मिटलं नाही. परागनं आपले कॅमेरे सोडवून नेले. जाताना माझ्या पाया पडला. त्याचा नंबर तुझ्याकडे आहेच, तो पुसून टाकू नकोस.

त्यानंतरच्या गोष्टी मी तुला फोनवर सांगितल्या नाहीत, कारण त्या एकेकट्या सांगितल्या तर क्षुल्लक वाटतात. गल्लीतली कुत्री कमी झाली. आधी वाटलं महापालिकेची गाडी घेऊन गेली असेल. आपली भुरी कुत्री अंगणातून बाहेर पडेनाशी झाली, आणि एके दिवशी तीही नव्हती. रानातली वानरं पूर्वी वाघ दिसला की खोकल्यासारखं ओरडायची, सगळ्या झाडांवर गलका व्हायचा. आता ओरडत नाहीत. ती रान सोडून डोंगरात गेली. मी सरपणाला जाते तेव्हा तिथे इतकं शांत असतं की माझ्या बांगड्यांचा आवाज मलाच नको वाटतो, म्हणून हल्ली पदरात हात गुंडाळून जाते. वाघीण दिसत कुठेच नाही, पण मेलेल्या उंदराला यावा तसा एक आंबट वास करवंदीपाशी कायम असतो. आणि बाबा काठी न्यायचे बंद झालेत. मी विचारलं तर म्हणाले, आपल्या बायेकडे जाताना काठी कशाला? तिला ते बाय म्हणतात, दिशा. तुला लहानपणी म्हणायचे तसं.

गेल्या बुधवारी जे झालं ते आता लिहिते. सकाळची वेळ, रानाबाहेर लख्ख ऊन. दत्तारामकाकांच्या टॉवरमधलं एक तरुण जोडपं आलं, कौस्तुभ आणि रीमा, चांगली शिकलेली मुलं. त्यांना लग्नानंतर फार वर्षांनी मुलगा झालेला. बाबांनीच कधीतरी त्यांना आपल्या घरची रीत सांगितली होती, आणि त्यांनाही तशीच करायची होती. मी मनातून नको म्हणत होते, पण पाहुण्यांसमोर नवऱ्याला तोंडघशी कसं पाडायचं? ढोल नव्हता. टॉवरवाल्यांनी आवाजाची तक्रार केल्यापासून नाहीच, आणि जनावरांना त्रास नको म्हणून बाबांनाही नको असतो. चूल नव्हती, धूर नव्हता, माणसंही चारच. बाळाला सुपात ठेवलं. रीमानं दुधाची बाटली माझ्या हातात दिली आणि ती दोघं पाठ फिरवून बांधाकडे निघाली, त्यांच्यामागे बाबा. नवस माझ्या घरचा नव्हता, मी बाजूला शिवणीखाली उभी होते, म्हणून मी पाठ फिरवली नाही.

ती कुठून आली नाही. ती तिथेच होती. दगडामागच्या करवंदीच्या जाळीत, आमच्या सगळ्यांच्या बोलण्याच्या अंतरावर, ती आमच्याआधीपासून पडून होती. नुसती उठून उभी राहिली तेव्हा मला दिसली. अंग झटकलं नाही, घाई केली नाही. रोज जेवायच्या वेळी माणूस पाटाकडे जातो तशी ती सुपाकडे आली. बाळ पाय झाडत होतं. तिनं मान खाली घालून त्या पायांकडे बघितलं, मग नाक जवळ नेलं. बाळ हसलं, दिशा. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या हातातली बाटली निसटून दगडावर आपटली. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. ताट वाढताना कुणी मधेच बोलावलं की आपण बघतो तसं. मग ती वळून जाळीत गेली, आणि एक पानही हललं नाही. बांधावरून बाबांचा आवाज आला, "तुझं तुला दिलं, आमचं आम्हांला दे." ती दोघं धावत आली, बाळाला उचललं, त्याचे मुके घेतले, माझ्या पाया पडली. रीमा म्हणाली, काकू, तुमचा हात किती गार पडलाय.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते हादरतील, नवस दुसऱ्या कुठल्या तरी रीतीनं फेडू म्हणतील. त्यांनी माझं पुरतं ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "सत्ये, आपल्या बापजाद्यांनी पाठी फिरवल्या, म्हणून त्यांला कधी दिसला न्हाय. तो येतो, लेकराला बघतो आनि परत देतो. रीत खोटी न्हाय, हे आज तू बघितलंस." आणि त्यांनी मला नमस्कार केला. नवऱ्यानं, मला. मी म्हटलं, अहो, ती भुकेली होती, बाटली पडली म्हणून गेली. ते म्हणाले, बाटली पाडली कोणी? मी रडले, भांडले, चांदणीला निदान मांडीवर घेऊन बसू द्या म्हणाले. ते प्रेमानं म्हणाले की नवस बोलताना जमीन बोललोय, मांडी न्हाय. आता त्यांनी ठरवलंय की वाघबारशीला उजाडता उजाडता, बाहेरचं कुणी नको, फक्त घरची माणसं, अगदी शांततेत करायचं. त्या दिवशी दुसऱ्या कुणाची कोंबडीही घ्यायची नाही. म्हणजे चांदणी येईपर्यंत वाघीण उपाशी असणार, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

तू त्यांना वेडा म्हणू नकोस. ते वेडे नाहीत. त्यांनी उघड्या माळाचं रान केलं, आणि जे रान त्यांनी केलं त्याच्यावर त्यांचा जीव आहे. चूक कुठे झाली हे मी रोज शोधते. आपल्या रीतीत ढोल होता, चूल होती, मोकळं शेत होतं, पन्नास माणसं होती. एकेक करून सगळं सुटत गेलं आणि पाठ फिरवणं तेवढं उरलं. वनखात्याला कळव, असं तू म्हणशील. पिंजरा येईल, हिला नेतील. पराग मागे म्हणाला होता की एकीला उचललं की रिकाम्या जागेवर दुसरी येते, आणि वाढलेलं ताट तिलाही दिसेल. आणि वाघ नेला म्हटल्यावर दत्तारामकाका किती दिवस थांबतील? तोवर मला जे जमतं ते मी करतेय. बाबांच्या नकळत रानाच्या फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली हरवली म्हणून सांगितलं. ती माझ्या कमरेला आहे. बाबा बांधावरून उतरून जातात, पण टॉवरमधल्या बायका सलवार सावरत बांध उतरत नाहीत, हे एक बरं आहे.

आणि मी तुझ्याशी खरं बोलते. मला वाघिणीची भीती आहे तशी देवाचीही आहे. तू पाचव्यात पलंगावर पडलेली असताना मीही त्याच दगडापुढे पदर पसरला होता. घेताना घेतलं आणि द्यायच्या वेळी पाठ फिरवली, असं मला करवणार नाही. चांदणीचं नुसतं नाक जरी वाहिलं तरी जन्मभर माझ्या मनात तेच येईल. म्हणून नवस बुडवायचा नाही, आणि चांदणीही आणायची नाही, या दोन्हींतून वाट काढायला मला हे चार दिवस लागले.

तर दिशा, हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं की तू येऊ नकोस. हे वाचलंस की आधी परागला फोन कर, त्या भिंतीत जनावरापुरती वाट पाडून घ्यायचं काम आता त्याच्याशिवाय कुणाला जमणार नाही, आणि ते आठवड्यात होणारही नाही. मग वाघबारशीच्या आदल्या दिवशी बाबांना फोन करून सांग, चांदणीला ताप आहे, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. मी तुला खोटं बोलायला कधी शिकवलं नाही, आज शिकवतेय. लेकरू आजारी असलं तर त्याच्या जागी घरातल्या बाईनं बसावं, अशी मुभा आपल्या रीतीतच आहे, ती बाबांनाही नाकारता येणार नाही. चांदणीच्या जागी मी बसेन. सूप मला पुरायचं नाही, तेव्हा पाट घेईन. बाबा बांधाकडे जातील, मी करवंदीकडे तोंड करून बसेन, आणि या वेळी हातात बाटली नसेल. बाई जाडजूड आहे, तिला ओढायचा वाघीण कंटाळा करील, असं मी स्वतःला सांगते. काही झालं नाही तर दुपारच्या आत मीच तुला फोन करीन, स्पीकरवर, आणि तू हसून बोल. फोन आला नाही तर बाबांवर रागावू नकोस, त्यांना एकटं ठेवू नकोस, आणि लोकांना त्या वाघिणीला नरभक्षक म्हणू देऊ नकोस. ती आली नव्हती, आपण तिला जेवायला बोलावलं होतं. आणि एक, त्या दिवशी सकाळी चांदणीला अंगणात सोडू नकोस. तुमच्या सोलापुरात वाघ नाही हे मला कळतं. तरी सोडू नकोस.

तुझीच आणि तुझ्या चांदणीचीही,
आई